रस्त्यापलीकडचा कान

मधुकर,

तुझं पार्सल आलं. तू गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी आलं. दुकानाच्या प्रत्येक मागवणीवर तुझा मोबाइल नंबर टाकायची आपली पद्धत, कारण मी काम करताना फोन उचलत नाही आणि तू राँग नंबरशीसुद्धा घरची चौकशी करत बसतोस. बसायचास. हे बोलताना बदलायचं मला अजून जमत नाही. तर कुरियरवाल्याने तुझ्या नंबरवर फोन केला आणि तो शोभाने घेतला. तुमचं घर माणसांनी भरलेलं. तिने त्याला सांगितलं, "उस्मानपुऱ्यात दुकान हाय, मॅडम आसतील, तिथं द्या."

मी खरंच होते. अशा दिवशी दुकान उघडायचं नसतं हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मला असलं काही सांगायचं काम नेहमी तुझंच होतं. मी सही केली, पार्सल फळीवर ठेवलं, आणि एका टीव्हीच्या रिमोटची बटणं स्पिरिटने पुसत बसले. बराच वेळ पुसली. रिमोट चांगला चालू होता.

मला रडू आलेलं नाही. लोक माझ्याकडे बघतात आणि मी त्यांना चहा विचारते. खरं सांगायचं तर मला तुझी आठवणही येत नाही. आठवण यायला माणूस आधी जावा लागतो, आणि तू समोर सलीमभाईच्या टपरीवर चहाला गेला आहेस असंच मला वाटत राहतं. मुंग्या आलेल्या पायावर उभं राहिल्यासारखं चाललं आहे. जमीन आहे हे ठाऊक असतं, लागत नाही.

त्या पार्सलमध्ये काय आहे ते तुला सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हते, बसवून दाखवणार होते. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा बोर्ड आहे, पेनड्राइव्ह लावायचा. म्हाताऱ्या मशीनला वाटतं आपल्या पोटात अजून फ्लॉपीच फिरते आहे. असे बोर्ड आपण जालन्याच्या, परभणीच्या, बीडच्या किती ऑर्केस्ट्रावाल्यांना बसवून दिले. पण यात एक बारका स्पीकर आहे. मशीन वाचायला लागलं की तो फ्लॉपीसारखा खर्र खर्र करतो. निव्वळ खोटा आवाज. तुझ्यासारखी हट्टी माणसं जगात आणखीही असणार, त्याशिवाय कोणी असलं बनवणार नाही.

"फ्लॉपी खरखरली नाय तर मला भरोसाच येत नाय मॅडम," तू म्हणायचास. "पेनड्राइव्ह गुमसुम बसतं. वाचतंय का झोपलंय, काय कळावं?"

म्हणून शोधून शोधून खरखरणारा मागवला. आता बघ म्हणायला तू नाहीस.

तू पहिल्यांदा दुकानात आलास तेव्हा मशीन गोधडीत गुंडाळून आणलं होतंस. तंत्रनिकेतनातलं माझं कंत्राट पुढे वाढलं नव्हतं आणि मी 'टीव्ही-रेडिओ दुरुस्ती' अशी पाटी लावून नुकतीच बसले होते. गिऱ्हाईक यायचं, मला बघायचं आणि विचारायचं, "मिस्तरी कुठंयत?" मी सांगेपर्यंत ते पुढच्या दुकानात गेलेलं असायचं. तू मात्र मशीन टेबलावर ठेवून म्हणालास, "तुम्ही कालेजातल्या मॅडम ना? ह्याचा जीव चाललाय, बघा की जरा." ते मशीन म्हणजे जपानी डिजिटल सिंथेसायझर, ऐंशीच्या दशकातला, मुंबईच्या कुठल्याशा स्टुडिओतून सुटून हातोहात तुझ्यापर्यंत आलेला. मी तोवर एकही उघडला नव्हता. तुला तसं सांगितलं. तू म्हणालास, "मग आपण दोघं मिळून शिकू." मला राग आला. शिकवायचं काम माझं, असं मला तेव्हा वाटत असे.

मग तू बसायलाच लागलास. जयंतीचे, लग्नांचे, उरुसाचे कार्यक्रम नसतील तेव्हा दुकानात. मराठवाड्यातला एकूण एक कीबोर्डवाला तुझ्या ओळखीचा, त्यामुळे मेलेली मशीनं आपल्याकडे येऊ लागली. डिस्प्ले काळे पडलेले, फ्लॉपी ड्राइव्हचा रबरी पट्टा वितळून डांबर झालेला, आतली बॅटरी संपून सगळे टोन पुसले गेलेले. आपण त्यांना आजचे डिस्प्ले, आजचे बोर्ड बसवून उभं करायचो. कोणी "मिस्तरी कुठंयत?" विचारलं की तू हनुवटीने माझ्याकडे दाखवायचास. "ह्या काय, समोर बसल्यात." हे एवढंच वाक्य. पण त्या वाक्यावर माझं दुकान उभं राहिलं, मधुकर. हे तुझ्या तोंडावर कधी म्हणाले नाही, कारण तू लगेच चहा मागितला असतास.

मी तुला 'तू' म्हणायचे आणि तू मला शेवटपर्यंत 'तुम्ही' आणि 'मॅडम'. मी वयाने मोठी, म्हणून असेल. एकदा म्हटलं, आता पुरे कर ते मॅडम. तू म्हणालास, "मग भांडताना मजा यायची नाय."

भांडण आपलं एकच होतं, रोज नव्याने. तू म्हणायचास आवाज कानाने कळतो. मी म्हणायचे कान थकतो, सर्दीने बंद होतो, ओळखीच्या माणसाची बाजू घेतो. मीटर घेत नाही. तुझं म्हणणं, जवळून ऐकलेला आवाज खरा नसतो. कार्यक्रमात लोक लांब बसतात, तेव्हा लांबूनच ऐकायला पाहिजे. त्यातून आपली ती पद्धत पडली. मशीन दुरुस्त झालं की मी मोठा स्पीकर दाराशी लावून पट्टी दाबायची आणि तू रस्ता ओलांडून सलीमभाईच्या टपरीपाशी उभं राहून ऐकायचं. बरोबर असेल तर हात वर. नसेल तर हाताची घडी.

मला त्या घडीचा भयंकर राग यायचा. माझं मीटर सगळं ठीक दाखवत असायचं, फक्त मनात कुठेतरी बारीकशी पाल चुकचुकलेली असायची, आणि तू पलीकडे घडी घालून उभा. मी चरफडत मशीन पुन्हा उघडायचे आणि कुठेतरी सुटलेला जोड सापडायचाच. तू परत येऊन काही बोलायचा नाहीस, ते आणखी झोंबायचं. पुढे पुढे लोक म्हणायला लागले की मधुकर कानाचा पक्का, रस्त्यापलीकडून चूक धरतो. आणि मीसुद्धा मनातल्या मनात मानायला लागले होते. तू परत यायचास तोवर मी चष्मा शोधत असायचे आणि तू म्हणायचास, "डोक्यावर हाय मॅडम." ते तर रोजचंच.

सगळ्यांची मशीनं आपण बरी केली. तुझ्या मशीनला मात्र त्या पहिल्या दुरुस्तीनंतर तू पुन्हा हात लावू दिला नाहीस.

त्यात नानांची पेटी होती. पाचोडच्या तुझ्या चुलत्यांची हार्मोनियम, जिच्यावर गावातल्या गायनपार्टीत भीमगीतं व्हायची. भात्याला भोक, त्यावर चामड्याचा तुकडा, आणि तरी दोन सुरांच्या मध्ये हवा फुस्स करून निसटायची. पेटी गेली, नानाही गेले, आणि तू त्या मशीनवर आकडे फिरवून फिरवून तो टोन बांधलास, निसटत्या हवेसकट. मी वैतागून म्हटलं होतं, "मशीनमध्ये हार्मोनियमचा चांगला स्वच्छ टोन आहे की. मुद्दाम दोष कशाला घालायचा?"

"त्यात नाना नाय मॅडम."

तो टोन जगात त्या एका मशीनच्या पोटात होता, आणि पोटातली ती बटणाएवढी बॅटरी जिवंत असेतोवरच तिथे राहणार होता. फ्लॉपी ड्राइव्ह कधीच मेलेला, म्हणजे दुसरी प्रत नाही. मी म्हणायचे, उघडू दे, आधी सगळे टोन बाहेर काढून ठेवू, मग बॅटरी बदलू. तू म्हणायचास, "तुम्ही उघडलं आन नाना गेला तर?" मी म्हणायचे, बॅटरी संपली की असाही जाईल. तू म्हणायचास, जयंती होऊ द्या. मग म्हणायचास, लग्नसराई होऊ द्या. डिस्प्लेवर 'बॅटरी लो' यायला लागलं तेव्हा तू त्या ओळीवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टाकलीस. एवढ्या वर्षांच्या धंद्यात असला इलाज मी पाहिला नव्हता. हसले होते. आता हसू येत नाही, आणि रागही येत नाही.

शोभा आली ती रिक्षातून, मशीन त्याच गोधडीत. मी फोनवर तिला पार्सलाचं सांगितलं होतं, की तुझ्या मशीनसाठी होतं म्हणून. ती खुर्चीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "ताई, पुण्यानुमोदनाला प्रज्ञा वाजविणार हाय. पुण्याहून आलेली पोरगी तेवढ्यासाठी थांबलीय. पप्पानी नानाची पेटी मला शिकवली व्हती, तीच वाजवीन म्हणती. व्हईल ना चालू?"

मी टेप सोलून काढली. खाली तीच ओळ, पण आता इतकी फिकट की मशीन तिरकं करून वाचावी लागली.

"काय लिव्हलंय?" शोभाने विचारलं.

"बॅटरी संपत आलीय."

"मला म्हनले व्हते काच तडकलीय म्हणून टेप लावलीय."

आम्ही दोघी त्या टेपच्या तुकड्याकडे बघत बसलो. तुझ्यावर ओरडायला एवढं चांगलं निमित्त होतं, आणि तू नव्हतास.

मशीन सुरू झालं हेच नशीब. मी त्याच्या पाठीला ती जुनी जाडजूड मिडी केबल लावली, तिच्या दुसऱ्या टोकाला आजचा तळहातापेक्षा लहान कॉम्प्युटर बोर्ड, आणि मशीनला म्हटलं, सगळं बाहेर पाठव. ते पाठवत राहिलं. तुझे सगळे टोन मिळून मोबाइलमधल्या एका फोटोइतकीही जागा लागली नाही. मग मी ती प्रत आणखी दोन ठिकाणी ठेवली, पेनड्राइव्हवर फ्लॉपीच्या पद्धतीने लिहून घेतली, आणि बॅटरी उपटली. जुनी बॅटरी थेट बोर्डाला डाग देऊन बसवलेली होती. तिच्या जागी खाचेची बैठक बसवली, म्हणजे पुढे प्रज्ञालाही घड्याळाच्या सेलसारखी ती बदलता येईल. नवा डिस्प्ले जोडला. फ्लॉपीच्या खिडकीत तुझा खरखरणारा बोर्ड बसवला. हात नेहमीसारखे चालत होते. शोभा बघत होती. मी काय करते आहे ते तिला सांगत गेले, जसं वर्गात सांगायचे तसं. ती मान हलवत होती. त्या दोन-तीन तासांत मला काहीच वाटलं नाही, आणि ते बरं वाटलं.

मशीन सुरू केलं. बॅटरी बदलल्यावर व्हायचं तेच झालं होतं, टोनांच्या नावांच्या जागी नुसता कचरा. पेनड्राइव्ह लावला आणि टोन परत घे म्हणून बटण दाबलं. बोर्ड खर्र खर्र करायला लागला.

"ह्ये तर आपल्या जुन्या फ्लॉपीवानी," शोभा म्हणाली.

खरखर थांबली. डिस्प्लेवर कचरा तसाच. पुन्हा दाबलं. खर्र खर्र, आणि पुन्हा कचरा. दुसरी प्रत घेतली. तेच. मी पट्टी दाबली तर घशात काटा अडकल्यासारखा काहीतरी आवाज आला. शोभाने विचारलं, "गेलं का वो ताई?" तू म्हणत होतास ना, तुम्ही उघडलं आन नाना गेला तर. तेच घडलं असं मला वाटलं.

मी स्टुलावर बसून राहिले. दाराकडे बघत होते. का बघते आहे ते हळूहळू कळलं. टोन परत भरायची वेळ आली की तू दारातून, चहा पीत, माझ्याकडे न बघता एक शब्द बोलायचास. "कुलूप." या जुन्या मशीनांना मेमरीचं कुलूप असतं, चुकून कोणी टोन पुसू नये म्हणून. बॅटरी बदलली की ते आपोआप लागतं, आणि लागलेलं असताना मशीन नुसतं वाचल्यासारखं करतं, आत काहीच घेत नाही. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सुनावते. आणि इतक्या वर्षांत ते कुलूप काढायचं मी स्वतः एकदाही लक्षात ठेवलेलं नाही, कारण दरवेळी तू म्हणायचास आणि मी चिडून म्हणायचे, "माहितेय मला."

या वेळी कोणी म्हणालं नाही.

मी उठून कुलूप काढलं. खर्र खर्र. डिस्प्लेवर तुझी नावं एकामागोमाग एक आली. पट्टी दाबली आणि पेटी वाजली, आणि सूर सोडताना हवा फुस्स करून निसटली. शोभाने पदर तोंडाला लावला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या डोळ्यांत काही आलं नाही, पण दुसऱ्या हाताने तीच पट्टी मी पुन्हा पुन्हा दाबत राहिले.

मग सवयीने स्पीकर दाराशी ओढला. ओढून झाल्यावर लक्षात आलं की पलीकडे कोणी नाही. पण तुझं मशीन, आणि न तपासता द्यायचं? शोभाला म्हटलं, ही पट्टी धर, मी येईपर्यंत सोडू नकोस. आणि मी रस्ता ओलांडला. इतक्या वर्षांत त्या टपरीपाशी मी एकदाही उभी राहिले नव्हते, चहा नेहमी तूच घेऊन यायचास. सलीमभाई उठून उभा राहिला. मी तुझ्या जागी उभी राहिले, टपरीच्या लाल खांबाला टेकून, आणि ऐकायला लागले.

काही ऐकू येईना.

रिक्षा, टेम्पो, बसचा हॉर्न, शेजारच्या दुकानातलं कटर. समोर शोभा पट्टी दाबून बसलेली दिसत होती. मी खूण करून आवाज वाढवायला सांगितला. तिने बटण फिरवलेलं दिसलं. तरी काही नाही. मी कानामागे हात धरला.

"सलीमभाई, आज इतका आवाज का आहे रस्त्याला?"

"आज का नक्को बोलो मॅडम, हमेशा इताच रहता."

"मग मधुकरला कसं ऐकू यायचं?"

त्याने स्टोव्ह बारीक केला. "मधुभाई बोले थे मॅडम कू बोलनेका नक्को. इधर कायका सुनाई आता मॅडम? उनो तुमारा चष्मा देखते थे. आवाज तुमकू पसंद आया तो तुमे चष्मा डोक्यावर चढाते. चढाया, तो उनो हाथ उपर करते. चष्मा नाक परच रहा, तो हाथ बांधके खडे रहते. बोलते थे, मॅडम के मन में शक है, और एक बार खोलने दो."

माझा हात डोक्याकडे गेला. चष्मा डोक्यावर होता.

एवढी वर्षं कानाचा पक्का म्हणून मिरवलास, लबाडा. एवढी वर्षं माझ्याशी कान मोठा की मीटर मोठं म्हणून भांडलास, आणि रस्त्यापलीकडे जाऊन माझ्यावर भरवसा ठेवून उभा राहायचास. माझा मलाही नव्हता तेवढा. म्हणजे ते भांडण मी जिंकले होते, आणि तू ते मला कळू दिलं नाहीस. का? मी मिजास केली असती म्हणून? की मग तुला टपरीवर यायला निमित्त उरलं नसतं? विचारायचं तर आता कोणाला.

शोभा समोरून बघत होती, पट्टी दाबूनच. मी हात वर केला.

पुण्यानुमोदनाला प्रज्ञाने वाजवलं. बुद्धवंदना झाली, लोक तुझ्याबद्दल बोलले, मग ती तुझ्या मशीनपाशी गेली आणि दोन गीतं वाजवली, नुसतीच, गाण्याशिवाय. पाचोडचे एक म्हातारे माझ्या शेजारी बसले होते. पहिल्या कडव्याला त्यांनी मान वर केली, इकडेतिकडे बघितलं आणि मला विचारलं, "नानाची पेटी कोन घेऊन आलं?" मी म्हटलं, मधुकरने आणली. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा ऐकायला लागले.

आता दुकान रोज उघडते. सलीमभाई चहा आणून देतो, पैसे घेत नाही, आणि चष्म्याबद्दल आम्ही बोलत नाही. टोन भरायच्या आधी मी स्वतःच मोठ्याने "कुलूप" म्हणते. तुझा नंबर मागवण्यांवर तसाच आहे. शोभा म्हणते, असू द्या, फोन आला की मी सांगत जाईन.

आज सकाळी जालन्याचं एक मशीन तयार झालं. तुझ्या ओळखीचंच आहे, तूच आणलेलं, पट्ट्या पिवळ्या पडलेलं. स्पीकर दाराशी लावून वाजवलं. आवाज चांगला आहे, मीटरही तेच सांगतं, मनात कसलीही शंका नाही. तरी तेव्हापासून चष्मा नाकावरच ठेवून बसले आहे. वर करवत नाही.